मर्कट व मानव यांच्या प्रतिरक्षा-जीनांतील विविधता

शरीरात शिरलेल्या रोगकारकांना ओळखून त्यांचा नाश करणाऱ्या यंत्रणेस प्रतिरक्षा-तंत्र म्हणतात व तिच्या घडणीस कारणीभूत असलेल्या आनुवंशिक घटकांस प्रतिरक्षा-जीन म्हणतात. मॅकाका प्रजातीतील माकडे व मानव यांचे पूर्वज सु. २.५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. दोहोंच्या प्रतिरक्षा-तंत्रांत साम्य पुष्कळ आहे. म्हणूनच लशींच्या संशोधनात माकडांचा उपयोग होत आला. परंतु हे साम्य कोठे संपते, याचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. या इतिहासात भारतीय माकडांचा वाटा मोठा आहे.

या प्रजातीतील दोन जाती महाराष्ट्रात आढळतात. तापी व गोदावरी यांच्या उत्तरेस लाल तोंडाचे ऱ्हीसस माकड, तर दक्षिणेस डोक्यावर टोपीसारखे केस असलेले बॉनेट माकड, अशी त्यांच्या प्रदेशांची विभागणी परंपरेने मानली जाते. पनवेलजवळ कर्नाळ्याच्या जंगलात दिसते ते बॉनेट माकड होय. संशोधनात मात्र ऱ्हीसस माकडाचाच वापर अधिक झाला.

कार्ल लँडस्टायनर व अलेक्झांडर वीनर यांनी १९४० मध्ये ऱ्हीसस माकडाच्या तांबड्या कोशिका सशांना टोचून रक्तरस तयार केला. न्यूयॉर्कमधील सु. ८५ टक्के गौरवर्णीयांचे रक्त त्यामुळे गोठळले. या घटकास ‘ऱ्हीसस’ हे नाव मिळाले. पुढे असे आढळले की, या रक्तरसातील प्रतिपिंड ज्या प्रथिनावर क्रिया करते, ते मानवी ऱ्हीसस घटकाहून निराळे आहे. नाव मात्र रूढ राहिले.

पोलिओच्या लशीसाठी माकडांच्या मूत्रपिंडातील कोशिका लागत. त्यामुळे १९५० नंतर भारतातून ऱ्हीसस माकडांची मोठ्या प्रमाणावर निर्यात झाली. १९५५ मध्ये ती काही काळ थांबविण्यात आली व १९७८ मध्ये तीवर पूर्ण बंदी आली. तोपर्यंत अमेरिकेतील संशोधन-केंद्रांत भारतीय वंशाची माकडे वाढू लागली होती. एड्सविषयीचे पुढील बरेचसे संशोधन त्यांच्याच वंशजांवर झाले.

विषाणूचे तुकडे मारक कोशिकांपुढे मांडणाऱ्या प्रथिनांचे जीन मानवात सहाव्या गुणसूत्रावर असतात. झां दोसे यांनी १९५८ मध्ये या गटातील पहिला प्रतिजन वर्णिला. मानवाच्या प्रत्येक गुणसूत्रावर ए, बी व सी या प्रमुख जीनांची एकेक प्रत असते. विविधता असते ती त्यांच्या हजारो पर्यायी रूपांत. ऱ्हीसस माकडात सी हा जीन नसतो; ए व बी यांच्या मात्र अनेक प्रती असतात व त्यांची संख्याही प्राण्यागणिक बदलते. यांपैकी मामू-बी-०८ किंवा मामू-बी-१७ हे रूप असलेली काही माकडे मर्कट-एड्सच्या विषाणूस लशीवाचूनही आटोक्यात ठेवतात. म्हणून संरक्षण लशीमुळे मिळाले की जन्मजात जीनामुळे, हे ठरविण्यासाठी प्राण्यांचे जीनप्रकार आधी तपासून मगच गट पाडावे लागतात. चिनी वंशाच्या ऱ्हीसस माकडांत हा रोग सामान्यतः मंद गतीने वाढतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

याउलट मानवी एड्सचा विषाणू ऱ्हीसस माकडात टिकत नाही. ट्रिम-५ या जीनापासून बनणारे माकडाचे प्रथिन त्यास कोशिकेत शिरताच अडविते, मानवाचे प्रथिन ते नीट करू शकत नाही, असे २००४ मध्ये दिसून आले.

महाराष्ट्रातील दोन घटना या संदर्भात बोलक्या आहेत. १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. त्यामागील विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधला. हाच ‘माकडताप’ २०१६ मध्ये सिंधुदुर्गात पसरला. त्यात बॉनेट माकडे व वानरे दगावतात. त्यांचा मृत्यू ही माणसांस पूर्वसूचना ठरते. २०२० मध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन लशीची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर, पाच-पाचांच्या चार गटांत झाली. लस दिलेल्या माकडांत न्यूमोनिया आढळला नाही. तरीही त्यानंतर सु. २५,८०० व्यक्तींवर चाचणी घ्यावी लागली. माकडावरील प्रयोग मानवी चाचणीची वाट मोकळी करतो, तिची जागा घेत नाही. आणि त्याचा अर्थ लावताना ते माकड कोणत्या जातीचे, वंशाचे व जीनप्रकाराचे आहे, हे जाणणे अगत्याचे ठरते.