छोट्या इंजिनाची फुंकणी

ऑनसाइटला बर्मिंगहॅममध्ये होतो, तेव्हा माझी भाड्याची खोली लाँगब्रिजच्या बाजूला होती. शेजारच्या गॅरेजमध्ये १९५८ सालची मॉरिस मायनर उभी असायची, बॉनेट कायम उघडं. मालक सत्तरीतले आजोबा. लाँगब्रिजच्या कारखान्यात इंजिन लाइनवर त्यांची नोकरी झाली. एप्रिल २००५मध्ये एमजी रोव्हर बुडाली, तेव्हा तीही संपली. एका शनिवारी त्यांनी मला हाक मारली, कारण ॲल्युमिनियमचा एक जड ठोकळा धरून ठेवायला दुसरा माणूस हवा होता. तो ठोकळा म्हणजे ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर, भंगारात गेलेल्या बीएमडब्ल्यूच्या मिनी कूपर एसमधून काढलेला. तो बसणार होता ९४८ सीसीच्या, ३७ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर.

म्हातारचळ, असं मनात आलं. पण पुढचे दोन महिने दर शनिवारी मी तिथेच होतो, आणि रात्री घरी येऊन त्या ठोकळ्याचं घराणं शोधत बसायचो.

आधी गोष्ट काय आहे ते सांगतो. पिस्टन खाली जातो तेव्हा सिलिंडरमध्ये हवा शिरते ती वातावरणाच्या दाबाने. जेवढी हवा, तेवढंच पेट्रोल जळणार, तेवढीच ताकद. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा कोंबून आत भरतो. आजीच्या चुलीपाशी असायची ती फुंकणीच म्हणा ना. आणि ही तुलना माझी हौस नाही. हे यंत्र जन्माला आलं तेच भट्टीच्या कामाला लागलं.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलमध्ये फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे दोघे भाऊ होते. गोष्ट अशी सांगतात, की आपल्या लोकरीच्या गिरणीसाठी ते नवं पाणचक्र बनवत होते. ते पाण्यावर काही नीट चालेना, पण फिरवलं की वारा मात्र जोरात फेकायचं. १८६०मध्ये त्याचं पेटंट झालं आणि ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा मारायला ते विकलं जाऊ लागलं. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन लोब, बस. एम४५च्या पोटात तेच दोन रोटर आहेत, फक्त पीळ दिलेले, आणि पिळाला तीन-तीन लोब.

मोटारीत तो आला १९२१च्या बर्लिन प्रदर्शनात, मर्सिडीजच्या दोन गाड्यांवर. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरच ब्लोअर जोडला जायचा. पण मर्सिडीज घेणारा माणूस गॅरेजमध्ये हात काळे करत नाही. मला जास्त रस आहे तो १९३१च्या फेब्रुवारीत. पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर जॉर्ज आयस्टनने ७५० सीसीच्या वर्गात पहिल्यांदा ताशी १०० मैलांचा वेग ओलांडला. गाडी एमजीची, इंजिनाचं मूळ त्या काळच्या स्वस्त मॉरिस मायनरचं, वर सुपरचार्जर. त्याच वर्षी पुढच्या एका विक्रमाच्या वेळी ती गाडी पेटली आणि आयस्टनला चालत्या गाडीतून उडी मारावी लागली. चोंगा लावून दुधाच्या गाडीचं इंजिन पळवता येतं हे कळलं, आणि त्याची किंमत काय हेही त्याच वर्षी कळलं.

घरगुती माणसाच्या हातात ब्लोअर खरा आला तो युद्धानंतर, आणि कुठून आला हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. स्पिटफायर विमानाच्या उंचावर उडणाऱ्या आवृत्त्यांत वैमानिकाची केबिन हवाबंद असायची आणि तिच्यात दाब ठेवायला मार्शल नावाचा छोटा ब्लोअर लावलेला असे. विरळ हवेत माणसाला श्वास पुरवणारं यंत्र. युद्ध संपल्यावर तेच मार्शल ब्लोअर छोट्या मोटारींवर चढले. सरेमधली नॉर्थ डाउन्स इंजिनिअरिंग ही कंपनी 'नॉर्डेक' नावाने त्यांचे तयार संच विकू लागली. नवी वेगवान गाडी परवडणं तर दूरच, नवी गाडी मिळतच नव्हती, कारण कारखान्यांचा माल निर्यातीला जात होता. आहे त्या डबड्यातूनच जे काढायचं ते.

१९५१मध्ये ऑस्टिन ए३०बरोबर ८०३ सीसीचं ए-सिरीज इंजिन आलं. पुढे तेच वाढत वाढत मायनरमध्ये, मिनीमध्ये गेलं आणि २०००पर्यंत बनत राहिलं. त्याच्या हेडमध्ये एक विचित्र काटकसर आहे. चार सिलिंडर, पण हवा आत जायची दारं दोनच. शेजारचे दोन सिलिंडर एका दारातून, एकापाठोपाठ एक हवा घेतात आणि एकाचा घास दुसरा पळवतो. दाबाने हवा आली की ही ओढाताण कमी होते, म्हणून या इंजिनाला ब्लोअर मानवतो. शॉरॉक कंपनीच्या पात्यांच्या ब्लोअरचे संच पन्नास-साठच्या दशकांत त्याच्यासाठी मिळत. तिकडे पेन्सिल्व्हेनियात जडसन नावाची कंपनी फोक्सवॅगन बीटलसाठी असाच संच विकायची. त्याची पाती भिंतीला घासत फिरत, म्हणून बाटलीतून थेंब थेंब तेल सोडावं लागे, आणि त्या तेलाचं नाव होतं मार्व्हल मिस्टरी ऑइल. (कल्पनेतलं नाही, खरंच.)

आता आजोबांचं गणित. ९४८ सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं, म्हणजे दर फेरीला ४७४ सीसी. एम४५ एका फेरीत ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ७३७ सीसी हवा ढकलतो. कूपर एसच्या १६०० सीसी इंजिनावर तो क्रँकच्या जवळपास दुप्पट वेगाने फिरायचा. इथे क्रँकच्याच वेगाने फिरवला तरी जास्त होणार. म्हणून आजोबांनी लेथवर मोठी पुली बनवली, ब्लोअर क्रँकपेक्षाही हळू फिरावा म्हणून. लक्ष्य होतं ६ पीएसआय.

मी त्यांना लॅपटॉपवर हिशोब करून दाखवला. ८.३ कॉम्प्रेशन गुणिले दाब, म्हणजे इंजिनाला ते ११.७ असल्यासारखं वाटणार. रूट्स जातीचा ब्लोअर हवा दाबताना तिला तापवतोही. माझ्या हिशोबाने पन्नासेक अंशांनी. तापलेलं मिश्रण ठिणगीच्या आधी पेटलं की नॉकिंग, आणि मग पिस्टनचा किंवा तीनच बेअरिंगवर उभ्या क्रँकचा बळी. ते म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. म्हणून तर कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी ठेवलाय." पेट्रोल ब्लोअरमधून जाताना वाफ होतं आणि हवेतली थोडी उष्णता खातं. पण मग बॅकफायर झाला तर मॅनिफोल्ड स्फोटक मिश्रणाने भरलेला, म्हणून स्प्रिंगवर दाबून ठेवलेला व्हॉल्व्ह. ठिणगीचं टायमिंगही मागे घ्यायचं. एक दुरुस्ती दुसरीला जन्म देते, हे मला माझ्या कोडमधून चांगलं ठाऊक होतं. फरक एवढाच, की इथे 'अनडू' नव्हतं. त्यांच्याकडे तो एकच ब्लॉक होता.

गाडी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी विमा कंपनीला फोन करून बदल कळवला. हप्ता वाढला, विषय संपला. मी तेव्हा मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचत होतो. आरसी बुकातली, कंपनीने दिलेली मूळ रचना बदलेल असा फेरफार करायचा नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. आपल्या रस्त्यांवर लोक काय काय जोडून फिरतात ते पाहता मला त्यात तथ्य दिसतं. तरी वाईट वाटलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी इंजिनाचे पीव्ही डायग्राम काढले आणि एकदाही हेडचा बोल्ट सोडला नाही. हेड गॅस्केट पहिल्यांदा हातात धरलं ते त्या गॅरेजमध्ये.

आणि दुसऱ्यांदाही तिथेच. पहिल्या रविवारी मायनर चढावर अशी उसळली की आजोबा मोठ्याने हसले. दुसऱ्या रविवारी दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधलं गॅस्केट जळलं. तिथे दोघांची एक्झॉस्टची वाट एकच, त्यामुळे हेड सगळ्यात जास्त तिथेच तापतं. ब्लॉकला तडा आहे का ते पाहताना त्यांचा हात थरथरत होता. तडा नव्हता. त्यांनी चहा केला, सरळपट्टी ठेवून हेड तपासलं, नवीन गॅस्केट घातलं आणि मला आणखी मोठी पुली कापायला लावली. आता ४ पीएसआय. लेथवर मी कापलेली ती पहिली वस्तू. कड वाकडी आली होती, ती त्यांनी काही न बोलता कानसीने सरळ केली.