आळे

परसातल्या नारळाला, केळीला किंवा गुलाबाला पाणी धरून ठेवण्यासाठी आपण जे गोल खोलगट रिंगण करतो, ते आळे. मूळ संस्कृत ‘आलवाल’. बोलण्यात झिजत ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि शेपूट गळाले. कालिदासाची शकुंतला रंगभूमीवर येते ती झाडांना पाणी घालत. कण्व ऋषींनी तुला आलवाल भरायला नेमलंय, असं तिची सखी अनसूया तिला म्हणते. म्हणजे आश्रमकन्येचं हे रोजचं काम! गल्लीची आळी किंवा पानं कुरतडणारी अळी यांच्याशी याचं नातं नाही.

हल्ली झाडांची आळी फारच अरुंद करतात, अगदी बुंध्याला चिकटून. पाणी ओढणारी बारीक मुळं झाडाच्या पसाऱ्याच्या कडेकडे असतात. तेव्हा आळे ऐसपैस करा, बुंध्याशी मातीची भर द्या.