लुकलुकत्या दिव्याची कुळकथा

फोनच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या दिव्याचे पूर्वज हॉटेलांच्या खोल्यांत होते. पाहुणा बाहेर असताना निरोप आला, की खोलीतल्या टेलिफोनवरचा निऑनचा इवलासा दिवा पेटे. निऑन पेटायला ९० व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि टेलिफोनच्या तारेवर एरवी ४८ व्होल्टच असतात. त्यामुळे एवढ्याशा उजेडासाठी एक्स्चेंजमध्ये निराळी सोय करावी लागे.

ब्लॅकबेरीने हा दिवा लाल रंगात खिशात आणला. २००८ साली एचटीसी ड्रीम हा पहिला अँड्रॉइड फोन आला आणि त्यात दिव्याची किल्ली बाहेरच्या प्रोग्रामरांच्याही हाती होती. रंग कोणता, किती मिलिसेकंद पेटायचं, किती विझायचं, एवढंच ॲपने सांगायचं. पण हार्डवेअरला जमेल तितपत जवळचाच रंग दिसेल, अशी नोंद अँड्रॉइडच्या दस्तऐवजांतच होती. कुठल्या फोनला तिन्ही मूळ रंगांचे एलईडी, कुठे नुसता हिरवा आणि नारिंगी. जांभळा मागितल्यावर काय उजळेल, ते फोन हातात घेतल्याशिवाय कळत नसे.

‘लाइट फ्लो’सारखी ॲप आली ती लोकांना याहून जास्त हवं होतं म्हणून. व्हॉट्सॲपला हिरवा, मेलला निळा, हुकलेल्या कॉलला लाल. आणि तिन्ही आले असतील तर आळीपाळीने. अँड्रॉइड एका वेळी एकाच सूचनेचा दिवा लावे. म्हणजे आळीपाळी ॲपनेच सांभाळायची, आणि खरी मेख इथेच आहे. स्क्रीन बंद झाली की थोड्याच वेळात प्रोसेसर झोपतो. तरी लुकलुक चालू राहते, कारण ती बऱ्याच फोनांत एलईडी चालवणारी चिपच करते. रंग बदलायचा तर मात्र प्रोसेसरला उठवावं लागतं, आणि तो रात्रभर असा जागता ठेवला तर बॅटरी उतरते. काही फोनांत तर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, एलईडीच्या फाइलीत थेट आकडा लिहावा लागे. त्यासाठी फोन रूट केलेला, म्हणजे प्रणालीचे सगळे अधिकार खुले केलेला, लागे.

दिवा विझवणं त्याहून कठीण. दुसऱ्या ॲपची सूचना आल्याचं कळायला तेव्हा दिव्यांगांच्या सोयीसाठी केलेल्या ॲक्सेसिबिलिटी सेवेचाच आधार होता. ती सूचना आल्याचं सांगे, गेल्याचं सांगत नसे. समोर कोणतं ॲप उघडलंय यावरून ‘वाचलं असेल’ असा अंदाज बांधायचा. तो चुकला की मेसेज वाचूनही दिवा लुकलुकतच राही. २०१३ साली अँड्रॉइड ४.३ मध्ये सूचना ऐकण्याची स्वतंत्र सेवा आली, तेव्हा कुठे सूचना काढल्याची वर्दी मिळू लागली.

२०१७ साली अँड्रॉइड ८ ने सूचनांची चॅनेलं, म्हणजे प्रकारवार गट, आणली. चॅनेल एकदा तयार झालं की त्याच्या दिव्याचा रंग ॲपला बदलता येईना. ज्याचा फोन, त्याचा हक्क. मला हा निर्णय रास्तच वाटतो, पण रंगांवर उभ्या असलेल्या ॲपना तो जड गेला.

नंतर स्क्रीन कडेपर्यंत पसरली आणि दिव्याची जागाच गेली. २०१९ च्या गॅलॅक्सी एस १० मध्ये तो नव्हता. तेव्हा चेनफायर या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने ‘होली लाइट’ या ॲपमध्ये स्क्रीनमधल्या कॅमेऱ्याच्या भोकाभोवती उजेडाचं कडं काढलं. अमोलेड पडद्यावर काळा पिक्सेल वीज खात नाही, म्हणून हे परवडतं. पण तेच पिक्सेल तासन्‌तास जळत राहिले तर कायमचा डाग पडू शकतो. म्हणून अशा ॲपना उजेड फिरता किंवा सरकता ठेवावा लागतो.