वर्गातील नोंद आणि तिचा वाचक : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या संदर्भात

शालेय नोंदींचा इतिहास बहुधा शासनाच्या दृष्टीने लिहिला जातो; त्या नोंदी ज्याच्या हातून झाल्या त्या शिक्षकाच्या दृष्टीने तो क्वचितच पाहिला जातो. अलीकडे शिक्षक संगणकाच्या साहाय्याने वर्गातील माहिती गोळा करण्यास व ती तक्त्यांच्या आणि आलेखांच्या रूपाने मांडण्यास शिकत आहेत. या बदलाचे मोल ठरवावयाचे, तर त्यामागील परंपरा प्रथम तपासली पाहिजे.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परीक्षेच्या निकालावरून शाळांना अनुदान देण्याची पद्धती रूढ झाली. हजेरीपट, जनरल रजिस्टर व निकालपत्रक यांना त्यामुळे विशेष महत्त्व आले. मात्र त्यांचा खरा वाचक तपासणीस येणारा अधिकारी हा होता. नोंद करणारा एक व तिचा अर्थ लावणारा दुसरा, अशी विभागणी या व्यवस्थेत अंतर्भूत होती.

ठाणे जिल्ह्यातील या तीन गावांत ही विभागणी विशेष जाणवावी, असे त्यांच्या वाढीचे स्वरूप आहे. कल्याण कॅम्प या युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली व १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ कारखान्यांमुळे वाढले, तर बदलापूर उपनगरी रेल्वेच्या आधाराने. बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या अशा परिसरात जन्मस्थान, पूर्वीची शाळा व शाळा सोडल्याचे कारण हे रजिस्टरातील रकाने मुलाच्या प्रगतीशी निकटचा संबंध राखतात.

नोंद केवळ वरिष्ठांसाठीच होऊ लागली म्हणजे काय घडते, ते ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रास दिसले. पटपडताळणीसाठी मुलांच्या बोटांना शाई लावून राज्यभर मोजणी झाली, आणि पटावरील संख्या व प्रत्यक्ष उपस्थिती यांत लाखोंची तफावत आढळली. पुढे २०१५ साली ‘सरल’ प्रणालीने प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र संगणकीय नोंद मागितली. शासनाचा हेतू उचित होता. तथापि माहिती भरण्यातच अध्यापनाचा वेळ जातो, अशी तक्रार शिक्षकांनी वारंवार केली. साधन नवे आले, पण नोंदीचा प्रवास पूर्वीप्रमाणेच खालून वर असा राहिला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा या प्रवासास निराळे वळण मिळण्याची शक्यता निर्माण झाली. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य शासनाने गूगलच्या सहकार्याने गूगल क्लासरूमसारखी साधने शाळांसाठी खुली केली. गूगल फॉर्मवर चाचणी घ्यावी, आलेली उत्तरे गणनपत्रकात उतरवावीत व त्यांचा आलेख काढावा, हे काम शिक्षकास आता स्वतःच करता येते.

या कौशल्याचा उपयोग एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ४० विद्यार्थ्यांच्या वर्गाची सरासरी ६० गुण आहे. अहवालात हा आकडा समाधानकारक ठरेल. परंतु पूर्वीच्या शाळेचा रकाना पाहून शिक्षकाने वर्गाची विभागणी केली, तर ३० मुलांची सरासरी ६८ व वर्षाच्या मध्यास परगावाहून आलेल्या १० मुलांची अवघी ३६ असू शकेल. सरासरी चुकलेली नाही. परंतु ती दहा मुले तिच्याआड गेली आहेत. ती कोण, हे वरच्या कार्यालयास कळण्यापूर्वी शिक्षकास कळले पाहिजे, कारण उपाय करणे त्याच्याच हाती आहे.

अध्यापक महाविद्यालयांतील कृतिसंशोधनाचे प्रयोजनही हेच आहे. १९५३ साली स्टीफन कोरी यांनी या विषयावरील आपल्या ग्रंथात शिक्षकाने स्वतःच्या अडचणीचा स्वतः शोध घ्यावा, ही भूमिका मांडली होती. त्या शोधास लागणारी आकडेमोड तेव्हा कष्टाची होती. आज ती क्षणाची आहे.

तात्पर्य, संगणकीय प्रशिक्षणाचे यश शिक्षकाने किती माहिती वर पाठविली यावरून मोजणे अपुरे ठरेल. स्वतःच्या नोंदी वाचून त्याने वर्गातील कोणता निर्णय बदलला, हे विचारले पाहिजे. या परिसरातील शाळांची जुनी रजिस्टरे व आजची गणनपत्रके एकत्र अभ्यासण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास या प्रश्नाचे साधार उत्तर मिळू शकेल.