परवान्यावर वाढलेला पेशा: मुंबईचा बारटेंडर

मुंबईत बारटेंडरचा पेशा रुजला तो इंग्रजांचे क्लब, आगबोटी आणि बडी हॉटेले यांच्या आधाराने. दारूची दुकाने बरीचशी पारशांची होती. ‘दारूवाला’ हे आडनाव त्याचीच खूण. पण काउंटरमागे उभा राहून पेला भरणारा माणूस बहुधा गोव्याचा ख्रिस्ती असे. दारूला हात लावल्याने त्याला विटाळ होत नव्हता, पाश्चात्त्य टेबलाची रीत ठाऊक होती आणि पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात पोट भरण्याजोगे काम थोडे होते. धोबीतलावाच्या आसपास गावागावांनी चालवलेल्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांत उतरायचे आणि ओळखीने बटलर, आचारी, वादक किंवा बोटीवरचा स्टुअर्ड व्हायचे, अशी ही वाट होती. शाळा नव्हती. जुन्या माणसाच्या हाताखाली पेले पुसत, बर्फ फोडत जे शिकता येईल ते शिक्षण.

ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले आणि त्यातला हार्बर बार १९३३ साली. शहरातला हा पहिला परवानाधारक बार मानला जातो. अमेरिकेतली दारूबंदी त्याच वर्षी उठली; मुंबईची अजून यायची होती.

बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग केला. काही महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग ढेपाळला. खरा घाव बसला तो १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने. एफ. एन. बलसारा यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी रद्द केली, बाकी कायदा मोठ्या प्रमाणात टिकवला. कोलोन वाचले, व्हिस्की गेली.

या कायद्याने बारटेंडरचे कसबच काढून घेतले. परदेशी पाहुणे आणि परवानाधारक यांच्यासाठी हॉटेलांत ‘परमिट रूम’ उरली. प्रकृतीच्या कारणास्तव दारू आवश्यक आहे असे डॉक्टरचे प्रमाणपत्र आणले की देशी माणसालाही परवाना मिळे. अशा खोलीत पेय कसे मिसळावे यापेक्षा नोंदवही कशी भरावी याला महत्त्व आले. बाहेर हातभट्टी आणि ‘आंटीचे अड्डे’ जोरात चालले. तिथे पेला आणि घाई एवढेच पुरे होते.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना (१९६३ ते १९७५) निर्बंध सैल झाले आणि परमिट रूमची पाटी गल्लोगल्ली दिसू लागली. या धंद्यात पुढे आले ते उडुपी-मंगळूरकडचे तुळूभाषक शेट्टी. त्यांच्यातले कितीतरी जण लहानपणी उडुपी हॉटेलांत पोऱ्या म्हणून राबत रात्रशाळेत शिकलेले. हॉटेल चालवण्याची शिस्त त्यांनी बारमध्ये आणली. मात्र गिऱ्हाईक मागणार तीस किंवा साठ मिलिलिटरचा पेग, सोडा आणि चखणा. काउंटरवरच्या माणसाकडून अपेक्षा एकच, माप चुकू नये. कामाला मान नव्हता. घरी विचारले तर ‘हॉटेलात आहे’ एवढेच सांगण्याची पद्धत होती.

शिक्षणाची सोय मात्र ऐन दारूबंदीत झाली, हा गमतीचा भाग. आज दादरला असलेली हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ साली सुरू झाली. तिथून बाहेर पडलेली मुले पंचतारांकित हॉटेलांत गेली, पण बार हा त्यांच्या अभ्यासाचा एक तुकडाच होता. बारटेंडिंग स्वतंत्रपणे शिकवणे रुजले ते पुढे. भारतातल्या पहिल्या स्त्री बारटेंडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शतभी बसू यांनी मुंबईत त्यासाठी अकादमी काढली. उदारीकरणानंतर परदेशी दारू आणि नवे बार आले, बाटल्या उडवण्याचे खेळ लोकप्रिय झाले, आणि मिसळण्याच्या कलेला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले.

स्त्रियांची वाट कायद्यानेही अडवली होती. पंजाब अबकारी कायद्यातील, दिल्लीत लागू असलेल्या कलमानुसार बारमध्ये स्त्रिया आणि पंचवीस वर्षांखालील पुरुष नोकरीला ठेवता येत नसत. अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ही बंदी घटनाबाह्य ठरवली.

महाराष्ट्रात १९४९ चा कायदा, नावात थोडा बदल होऊन, आजही लागू आहे. बारमधल्या नोकरासाठी मालकाला अबकारी खात्याकडून ‘नोकरनामा’ घ्यावा लागतो आणि पिणाऱ्याकडे परवाना असणे कागदोपत्री बंधनकारक आहे.