शासनाचे वर्ष आणि वर्षावास : शहापूर-मुरबाडच्या मुलखातील काळगणनेचा इतिहास

राज्यसत्ता जशी भूमीवर चालते, तशीच ती काळावरही चालते. कचेरी कोणत्या दिवशी बंद ठेवावयाची, सारा कोणत्या दिवशी भरावयाचा, मजुराने हातातील हत्यार कोणत्या दिवशी खाली ठेवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्या हाती समाजजीवनाची दोरी असते. म्हणून सार्वजनिक सुट्ट्यांची यादी ही केवळ भिंतीवर टांगण्याची वस्तू नव्हे. तीत कोणाचा दिवस आहे आणि कोणाचा नाही, यावरून राज्य कोणाचे, हे कळते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. एका अंगास सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या अंगास कल्याणचे प्राचीन बंदर आणि त्यापलीकडे साष्टी व मुंबई ही बेटे. गेली दोन शतके या मुलखाचे राज्य बेटावरून चालले आहे. १८९२ साली पुरा झालेला तानसाचा तलाव शहापूर तालुक्यात आहे, भातसा धरणही त्याच तालुक्यात आहे. पाणी मात्र मुंबईस जाते. पाण्याप्रमाणे काळाचेही असेच झाले काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

सोपाऱ्याची आज्ञा

या प्रदेशातील सर्वांत जुने राजशासन सोपारा येथे सापडले आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले हे स्थळ १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला.

हे दोन्ही लेख आमच्या विषयाशी नेमके निगडित आहेत. आठव्या लेखात सम्राट सांगतो की पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. आपण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाली असता संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांची व वृद्धांची भेट, दान आणि जनपदातील लोकांशी धम्मचर्चा होते. राजाच्या करमणुकीचे दिवस लोकांच्या भेटीचे दिवस झाले. नवव्या लेखात आजारपण, विवाह, जन्म, प्रवास या प्रसंगी लोक जी नाना मंगलकर्मे करतात, त्यांचे फळ अल्प असते, असे म्हटले आहे. खरे मंगल कोणते, हे सांगताना सम्राटाने आरंभीच दास आणि भृतक, म्हणजे राबणारी माणसे व मजुरीवर काम करणारी माणसे, यांच्याशी योग्य वर्तन करण्याचा उल्लेख केला आहे. उत्सवाची कसोटी मजुराशी होणाऱ्या वागणुकीत आहे, हा विचार आमच्या किनाऱ्यावर बावीस शतकांपूर्वी दगडावर कोरला गेला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात तर वर्षाचे वेळापत्रकच दिसते. तिन्ही चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांवर मासे मारू अथवा विकू नयेत, असे तेथे सांगितले आहे. राज्याने लोकांच्या वर्षात विशिष्ट दिवस नेमून दिल्याचा भारतातील हा फार जुना लेखी पुरावा होय.

नाणेघाटाची दक्षिणा

सोपारा-कल्याणकडून जुन्नरकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढतो. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची नोंद असून प्रत्येकाच्या दक्षिणेत गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण किती दिले, याचा हिशेब आहे. राजसत्ता आपले वर्ष यज्ञांनी मोजत होती आणि तो हिशेब जकातीच्या वाटेवर, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या दृष्टीस पडेल असा कोरीत होती.

सातवाहनकालीन सत्तांनी श्रमणसंघालाही उदार दाने दिली, हे येथे सांगितलेच पाहिजे. परंतु सोपाऱ्याच्या लेखात दास-भृतकांचा उल्लेख आहे, तर नाणेघाटाच्या लेखात दक्षिणेचा. एकाच व्यापारी वाटेच्या दोन टोकांवर राज्याच्या वर्षाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आमच्यासमोर उभ्या राहतात.

पावसाने घडविलेले वर्ष

भिक्खुसंघाच्या वर्षाचा उगम यज्ञात नाही, पावसात आहे. विनयपिटकाच्या महावग्गात ही हकीकत आली आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, कोवळे गवत तुडवितात, लहान जीवांचा घात करतात, अशी तक्रार लोकांनी केली. त्यावर तथागतांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली. नियम वरून लादला गेला नाही. शेतात राबणाऱ्या लोकांच्या तक्रारीतून तो जन्मास आला.

त्याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. मगधराज बिंबिसाराने वर्षावास पुढील पौर्णिमेपासून धरावा, अशी विनंती भिक्खूंना केली, तेव्हा तथागतांनी अशा बाबतीत राजाच्या म्हणण्याप्रमाणे वागण्यास अनुमती दिली. काळगणना हे राज्याचे काम आहे, हे भगवंतांनी ओळखले होते. मात्र त्या काळात काय करावयाचे, हे संघाने आपल्या हाती ठेवले. हा भेद फार मोलाचा आहे.

वर्षावासाला आर्थिक आधारही होता. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात ३,००० कार्षापणांची अक्षयनिधी नोंदलेली आहे. त्यातील २,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे ठेवून त्यांच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. साष्टी बेटावरील कान्हेरीच्या लेखांतही भिक्खूंच्या चीवरासाठी दिलेल्या अक्षयनिधीचे उल्लेख आढळतात. बेट आणि घाट यांमधील सारा प्रदेश या वर्षाशी बांधलेला होता.

हुंडीसाठी सुट्टी

आधुनिक सार्वजनिक सुट्टीचा उगम यापेक्षा अगदी निराळा आहे. आज महाराष्ट्र शासन दरवर्षी जी यादी प्रसिद्ध करते, तिला आधार आहे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ चा. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या व धनादेश यांचा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर पैसे केव्हा द्यावयाचे, हा सावकारी पेढीचा प्रश्न सोडविण्यासाठी सार्वजनिक सुट्टीची व्याख्या करावी लागली. केंद्र शासनाने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने हा अधिकार राज्याकडे सोपविला. बुद्धपौर्णिमा व १४ एप्रिल हे दिवस आज त्या यादीत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु यादीचा मूळ पाया श्रमिकाचा विसावा हा नव्हे, मुंबई बेटावरील पेढ्यांचा व्यवहार हा आहे.

श्रमिकाच्या सुट्टीसाठी वेगळा लढा द्यावा लागला. ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळविली. पुढील वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. रविवार हा साहेबाच्या देवाचा दिवस म्हणून नव्हे, जोतीरावांच्या अनुयायाने मिळविलेला दिवस म्हणून आमच्याकडे आला.

त्यानंतरचा टप्पा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातील कामगारास भरपगारी रजा देणारी दुरुस्ती १९४५ साली झाली, आणि कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली. बाबासाहेबांना काळाचे मोल पुस्तकातून कळलेले नव्हते. मुंबई इलाख्यातील वतनदार महाराला रात्र नव्हती, सण नव्हता, रजा नव्हती. सरकारी कामाचा सांगावा केव्हाही येई आणि घरातला एक नाही तर दुसरा माणूस धावे. वर्षभराचा मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा आणि बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने मात्र १९५८ च्या कायद्याने संपली. वतन गेले, तेव्हा जमिनीच्या प्रश्नाबरोबर दिवसाचाही प्रश्न सुटला. आपला दिवस आपला झाला.

सिंहलद्वीपाचा अनुभव

बौद्ध जगातील एका बेटाचा इतिहास येथे उपयोगी पडेल. ब्रिटिश अमदानीत सिंहलद्वीपात वैशाख पौर्णिमेस सुट्टी नव्हती. बौद्धांनी गाऱ्हाणे मांडले, कर्नल ऑल्कॉट १८८४ साली त्यासाठी लंडनला गेले, आणि १८८५ पासून वेसाकची सुट्टी मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९६६ साली श्रीलंकेने रविवार रद्द करून चंद्रकलेनुसार येणारे पोय दिवस साप्ताहिक सुट्टीचे केले. जगाच्या व्यापाराशी त्याचा मेळ बसेना. १९७१ साली रविवार परत आला आणि दर पौर्णिमेची सुट्टी कायम राहिली. यावरून बोध असा की यादीत आपला दिवस आला म्हणजे काम संपले असे होत नाही. तो दिवस लोकांच्या कामाच्या चक्रात बसतो की नाही, हे पाहावे लागते.

चार सभा आणि भट्टीचा हंगाम

आता आमच्या दोन तालुक्यांकडे वळू. शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. २४ डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्याने आणि ४ मार्च २०१४ च्या महाराष्ट्राच्या नियमांनी येथील ग्रामसभेला गौण वनोपज, सावकारीवरील नियंत्रण, भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय असे अधिकार दिले. पाड्यालाही गाव म्हणून उभे राहता येते. राज्यात ग्रामसभेचे ठरलेले दिवस चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. चारही दिवस सार्वजनिक सुट्टीचे. कचेऱ्या बंद असतात त्याच दिवशी गाव स्वतःचे राज्य चालवितो, ही योजना मुळात उत्तम आहे.

परंतु या मुलखाचे श्रमचक्र पाहावे. येथे मुख्य पीक भाताचे. आवणी आषाढात, कापणी व झोडणी दिवाळीच्या आगेमागे. त्यानंतर कातकरी आणि इतर भूमिहीन कुटुंबे बयाणा घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. म्हणजे २६ जानेवारी व १ मे या दोन्ही ग्रामसभांच्या दिवशी ही माणसे गावात नसतात. १ मे हा महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही आहे. त्याच दिवशी गावातला सर्वांत गरीब कामगार गावाच्या सभेत अनुपस्थित असतो. बयाणा फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नसेल, तर ती १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येणारी गोष्ट आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. भट्टीवरच्या कुटुंबाची मजुरी हजार विटांवर मोजली जाते, तिला आठवडाच नाही.

उरलेले दोन दिवस, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, कोठे येतात? आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या काळात, म्हणजे वर्षावासात. पावसाने घडविलेले संघाचे वर्ष आणि पावसावर चालणारे मजुराचे वर्ष यांचा मेळ अडीच हजार वर्षांनंतरही बसतो. जेव्हा भिक्खू एका जागी असतात, विहारात ग्रंथवाचन चालू असते, तेव्हाच गावातील भूमिहीनही घरी असतो.

या योगायोगाचे कार्यात रूपांतर करणे आमच्या हाती आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर ग्रामसभेचे अधिकार वाचले जावेत. उपोसथाच्या दिवशी, कोण भट्टीवर जाणार, किती बयाणा घेतला, कोणाचे मूल शाळा सोडणार, याची नोंद व्हावी. पाड्यावरील आदिवासी बांधवांना त्यात बरोबरीने बोलवावे. ज्या दोन सभांना ते गावात असतात, त्या दोन सभांत त्यांच्या वर्षभराचे ठराव घ्यावेत, आणि हंगामाच्या महिन्यांत सभेची तारीख बदलून वा अधिक सभा घेऊन त्यांना वाव द्यावा, अशी मागणी तेथेच करावी. बिंबिसाराने तिथी ठरविली तरी त्या तिथीचे काय करावयाचे, हे संघाने ठरविले होते. सोपाऱ्याच्या शिळेने खऱ्या मंगलाची कसोटी दास-भृतकांशी होणाऱ्या वर्तनात पाहिली. त्या कसोटीस शासनाच्या यादीतील दिवस उतरले पाहिजेत, आणि विहारातील आमचे दिवसही.