बोर्डिंगची जुनी भिंत

जुनाट दुखण्याचा रोगी आला की आम्ही होमिओपॅथ आधी पूर्वेतिहास विचारतो. शंभरी गाठलेल्या बोर्डिंगच्या इमारतीचा जीर्णोद्धार काढायचा म्हटले की समित्या मात्र थेट रंगाच्या डब्यापासून सुरुवात करतात.

इतिहास फार लांबचा नाही. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. खेड्यातल्या शेतकरी जैनांच्या मुलाला हायस्कूलसाठी शहरात पाठवायचे तर त्याला राहायला जागा नाही आणि जेवायला पंगत नाही, ही तेव्हाची मुख्य अडचण. म्हणून १९०१ मध्ये कोल्हापुरात जैन बोर्डिंग निघाले. त्याच साली शाहू महाराजांच्या आश्रयाने मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंगही सुरू झाले. पुढे सांगली, बेळगाव, हुबळीलाही सभेची बोर्डिंगे झाली.

या इतिहासातले एक पान गौरवग्रंथांत घाईने उलटले जाते. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या या बोर्डिंगात होते. ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात जायचे नाही, असा नियम होता. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. सुपरिटेंडेंट होते अण्णासाहेब लठ्ठे, सुधारक म्हणून ज्यांचे नाव आपण आदराने घेतो तेच. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह चालवले. दात्यांच्या संगमरवरी पाट्यांशेजारी ही हकीकतही चार ओळींत लावावी, असे माझे मत आहे. सभेत हे बोलले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात; पडोत.

आता भिंतीकडे येऊ. आपल्या भागातल्या त्या काळच्या इमारती म्हणजे काळ्या दगडाचे जोते, घाणीत मळलेल्या चुन्याचे बांधकाम, सागवानी तुळया आणि वर मंगलोरी कौले. चुन्याची भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. ती आतल्या आत वर चढते, क्षार फुलतात, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि भिंतीत रोवलेली तुळईची टोके कुजू लागतात. पुरळावर मलम चोपडून रोग आत दडपणे म्हणतात ते हेच. मग अभियंता येऊन सांगतो की इमारत धोकादायक आहे, पाडा. पाडली की तळमजल्यावर गाळे आणि वर मंगल कार्यालय. मुलांच्या खोल्या नकाशात शेवटी येतात, कधी येतच नाहीत.

खर्च करायचाच तर आधी कौले, पन्हळी आणि जोत्याभोवतीचा निचरा यांवर करा. गिलावा चुन्याचाच हवा. असा गवंडी शोधावा लागतो आणि तो सावकाश काम करतो, हे खरे. संडास-न्हाणीघरे मात्र खुशाल नवी बांधा. तिथे जुनेपणाचे कौतुक कोणाच्या कामाचे?

आणि काम सुरू होण्याआधी माळ्यावरची कपाटे उघडा. प्रवेशाच्या वह्या, खानावळीचे हिशेब, पालकांची मोडीतली पत्रे तिथेच असतात. सामान हलवताना पहिली रद्दी त्यांचीच होते.